तिसरा चेंडू

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं आणि घरातले सगळे मला बसवून ठेवायला लागले. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र चालायला लावलं. जिने, खुर्चीवरून उठबस आणि तीन चेंडूंचा तो प्लॅस्टिकचा स्पायरोमीटर. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा. 600, 900, 1200 असे आकडे; तिसरा चेंडू वर टिकला की मला कोण आनंद! शरीराचा तेवढाच कोपरा तेव्हा माझ्या ताब्यात होता.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उठवलं. पोटाच्या टाक्यांवर उशी दाबलेली, सलाईनच्या स्टँडला लघवीची पिशवी अडकवलेली. पडून राहिलं तर पोटरीत गुठळी होऊ शकते, कफ फुप्फुसाच्या तळाशी साचतो, हे पाठ होतं. तरी पाय जमिनीला टेकवताना भीती वाटली. हे शरीर अजून आपलंच आहे ना, अशी काहीशी. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट या सर्जननी 1990च्या दशकात रुग्णांना असं लवकर उठवायचा आग्रह धरला. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता केमो चालू आहे. कधी गल्लीच्या टोकापर्यंत जाते, कधी दारापर्यंतच. डॉक्टर म्हणतात, थकव्यावरही चालणंच बरं. पण आजचा थकवा औषधाचा की मनाचा, ते मला अजून ओळखता येत नाही.