पहिल्या तासाआधीची वही

मंगळवार, 11 नोव्हेंबर 2025

मंगळवारी वेरूळची लेणी बंद, म्हणून आमचं दुकानही बंद. दुपारी खुलताबादला जाऊन मॅडमना भेटून आले. हायस्कुलातून निवृत्त झाल्यात, घरीच इंग्रजी शिकवतात. बहुतेक दहावीची पोरं येतात. माझ्या वयाची बाई शिकायला आलेली बघून त्यांना नवल वाटलं असेल, पण तसं काही दाखवलं नाही. आधी पाणी दिलं, मग विचारलं, "इंग्रजी कशासाठी पाहिजे?"

म्हटलं, "बोलता यावं म्हणून."

"तसं सगळेच म्हणतात. कुणाशी बोलायचंय, काय बोलायचंय, ते एका पानावर मराठीत लिहून आणा. तोच आपला पहिला तास."

फीचं ठरलं. दर मंगळवारी सकाळी दहाला जायचं. घरी सांगितलं तर आत्याबाई लगेच म्हणाल्या, "मंगळवारच्या भाकरी मी बघते, तू जा." सासूनं असं म्हणणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते आमच्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

बुधवार, 12 नोव्हेंबर

वही दुकानात गल्ल्याजवळच ठेवली. गिऱ्हाईक इंग्रजीत जे विचारेल ते ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवायचं, असं ठरवलं आणि दिवसभर तेच केलं.

एक गोष्ट लगेच ध्यानात आली. आमच्याशी इंग्रजी बोलणारे सगळे गोरे नसतात. घृष्णेश्वराच्या दर्शनाला तमिळनाडू-आंध्रातून माणसं येतात, बारा ज्योतिर्लिंगांची यात्रा करत असतात, देवळातून निघाली की लेण्यांकडे वळतात. त्यातल्या बऱ्याच जणांना हिंदी येत नाही आणि आपल्याला तमिळ-तेलुगू येत नाही. मग दोघांत इंग्रजीच उरते. जपान, थायलंड, श्रीलंकेतून येणारे दहा नंबरच्या लेण्यात, म्हणजे सुताराच्या झोपडीत, आणि बारा नंबरच्या तीन तालात जाऊन बुद्धापुढे हात जोडतात. त्यांचीही इंग्रजी शिकलेलीच असते, तीही थांबत थांबत बोलतात. हे बघून मला फार धीर आला.

संध्याकाळी वही वाचली तर प्रश्नांचे आपोआप दोन ढीग पडले होते. एका ढिगात संडास कुठे, किती वाजता बंद होतं, चौतीस लेणी बघायला किती वेळ लागेल, हा दगड कितीला. याची उत्तरं मला येतात. लग्न होऊन दुकानात बसले तेव्हापासून ऐकून ऐकून आली आहेत. गारगोटी, स्फटिक, जांभळे खडे यांचा भाव मी इंग्रजीत न अडखळता सांगते आणि घासाघीसही करते.

दुसऱ्या ढिगात, हे एकाच दगडातलं आहे का? कुणी केलं? किती वर्षं लागली? बुद्ध, शंकर आणि महावीर एकाच डोंगरात कसे? इथं माझी वाचा बंद होते. उत्तर येत नाही असं नाही. माझं माहेर वेरूळचंच, या डोंगरात मी लहानाची मोठी झाले. पण उत्तर मराठीत येतं आणि समोरचा माणूस निघून जातो.

शुक्रवार, 14 नोव्हेंबर

लेकीनं मोबाईलवर काळांचा तक्ता काढून दिला. साधा, चालू, पूर्ण, त्याचे पुन्हा तीन-तीन. "मम्मी, मंगळवारपर्यंत एवढं पाठ कर." लेकरू मायेनं सांगतं. तिला पहिलीपासून इंग्रजी होती. 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून लागू झाली. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची. बालभारतीचं 'माय इंग्लिश बुक' हाती पडलं की आम्ही आधी चित्रं बघायचो. त्या आधीच्या पिढीचं आणखी वेगळं. माझा आज्जा निजामाच्या राज्यात शिकला, त्याची शाळा उर्दूत. अर्ज उर्दूत, जमिनीचे कागद बघायचे तेही उर्दूत. 1948 साली मराठवाडा मोकळा झाला, तेव्हा त्याच्या वयाच्या माणसांना मराठीत कारभार नव्यानं शिकावा लागला. म्हणजे मोठ्या वयात दुसऱ्या भाषेची वही उघडणारी आमच्या घरात मी पहिली नाही.

तक्ता मी पाठ करणार नाही. तो मॅडम शिकवतील, त्यासाठीच तर त्या आहेत. पहिल्या तासाआधी माझं काम दुसरं आहे. मला काय सांगायचंय ते मला ठाऊक पाहिजे. ते नसेल तर तक्ता येऊनही तोंडातून भावच निघेल.

आज रमाबाई रानड्यांची फार आठवण झाली. लग्न होऊन पुण्याला आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, अक्षरओळख नव्हती. त्यांचे यजमान माधवराव, त्यांनी मराठी शिकवली, मग इंग्रजी, आणि पुढे मिस हर्फर्ड या बाईंची शिकवणी लावली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हतं. बोलणी खात, कामं उरकून त्यांनी अभ्यास केला. मुलींच्या हायस्कुलाची मागणी गव्हर्नरापुढे मांडायची वेळ आली तेव्हा ते इंग्रजी भाषण रमाबाईंनी वाचलं, आणि 1884 साली हुजूरपागा सुरू झाली. त्यांच्या इंग्रजीला असं काम होतं, म्हणून ती शिकवणी फळली, असं मला वाटतं.

शनिवार, 15 नोव्हेंबर

दोनशे पानी वही आणली. उद्या गर्दी, झोपायला हवं.

रविवार, 16 नोव्हेंबर

दुकान ह्यांच्यावर सोपवून सकाळी लवकर तिकीट काढलं आणि कैलास लेण्यात गेले. मोबाईलवर माझाच आवाज भरायचा होता. पाहुणा समोर उभा आहे असं समजून, मराठीत, दोन मिनिटं.

आत शिरलं की समोर गजलक्ष्मी, हत्ती तिच्यावर पाणी घालतायत. डाव्या-उजव्या अंगाला चौक उघडतो, त्यात दगडाचे हत्ती आणि उंच ध्वजस्तंभ. लोक इथं फोटो काढतात आणि पुढे जातात. मी दक्षिणेच्या बाजूला, रावण कैलास हलवतोय त्या शिल्पापाशी थांबले. खाली अंधारात रावण, बऱ्याच हातांनी डोंगर उचलायला बघतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे आणि शंकर निवांत बसलाय. माझ्या डोळ्यांना मात्र पार्वतीची दासी आधी दिसते, मागे वळून पळत सुटलेली. कोपऱ्यातली आहे, कुणी दाखवल्याशिवाय नजर जात नाही. ती दाखवायची मला.

मग बाहेर येऊन बाजूच्या वाटेनं डोंगरावर चढले. कैलास खरा कळतो तो इथून. मंडपाच्या छतावर भलंमोठं कमळ आणि त्यावर चार सिंह. चौक लांबीला साधारण 276 फूट, रुंदीला 154, आणि मागचा कडा शंभर फुटांहून उंच. हे कमळ आधी कोरलं, पाया शेवटी. वरून खाली खोदत आले. पायाड बांधून दगडावर दगड चढवला नाही, नको तेवढा डोंगर काढून टाकला. काळ्या बसाल्टात एकदा छिन्नी चुकली तर दगड परत जोडता येत नाही. कड्याच्या भिंतीवर हात ठेवला, तर छिन्नीचे तिरके घाव अजून बोटाला लागतात, ओळीनं, एकाखाली एक.

काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचं, आठव्या शतकातलं. त्यानंतरच्या एका ताम्रपटात, बडोद्याला सापडलेल्या 812 सालच्या, एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव थक्क होतातच, पण ज्यानं ते घडवलं तो शिल्पीही नंतर नवल करतो की हे आपल्या हातून झालं कसं. बाराशे वर्षांपूर्वी लिहिलेलं, तेही देणगीच्या पत्रात. मला हे सांगता आलं पाहिजे. देवांचं कुणीही सांगेल, मला त्या कारागिराचं सांगायचंय.

आवाज भरला. घरी ऐकला, तर कुठेही अडले नव्हते.

सोमवार, 17 नोव्हेंबर

दुकानातल्या इंग्रजी पुस्तकांवरची धूळ झटकली. वर्षानुवर्षं विकते, एकही वाचलेलं नाही. कॅप्टन सीली नावाचा इंग्रज मुंबईहून इथं आला, 1824 साली लंडनला त्याचं वेरुळावरचं पुस्तक निघालं. पुढे फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी 1880 साली लेण्यांवर मोठा ग्रंथ काढला. दोनशे वर्षं आमच्या डोंगराबद्दल इंग्रजीत लिहिलं जातंय, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हाला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. ही गोष्ट मला सहन होत नाही. आमच्या गावच्या पोरांनी खड्यांचा भाव सांगण्यापुरती इंग्रजी शिकून थांबू नये.

पिशवी भरली. नवी वही, प्रश्नांची जुनी वही, दोन पेनं, फोन चार्ज करून, फीचे पैसे पाकिटात. आणि मॅडमसाठी लिहिलेलं पान:

"मॅडम, मला दुकानापुरती इंग्रजी येते. मला लेण्यांची इंग्रजी पाहिजे. समोर तमिळ माणूस असेल, जपानी असेल, त्यालाही इंग्रजी बेताचीच येत असेल. म्हणून वाक्यं लहान शिकवा. आधी वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, आधी-नंतर हे पक्कं करून घ्या, कारण कैलास वरून खाली झाला हे त्याशिवाय सांगता येत नाही. झालेल्या गोष्टी कशा सांगायच्या ते त्यानंतर. फोनमध्ये माझं दोन मिनिटांचं मराठी बोलणं आहे, ते ऐका. दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी ओसरली, आता थंडीतले परदेशी पाहुणे येतील. ते जाण्याआधी ही दोन मिनिटं मला इंग्रजीत म्हणता यावीत, एवढं करा. उच्चार चुकला तर तिथल्या तिथं थांबवा, मला राग येणार नाही."