कर्ता कोण?

नवं ॲप बांधायला घेण्याआधी दोन दिवस लोकांना भिंतीसमोर उभं करायचं, हे माझं काम. ऑफिसात त्याला प्रॉडक्ट वर्कशॉप म्हणतात. घरी त्याला चिठ्ठ्या चिकटवणं म्हणतात, आणि तेही खोटं नाही. ब्राउन पेपरची गुंडाळी, मास्किंग टेप, जाड मार्कर आणि रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे एवढ्या भांडवलावर माझा धंदा चालतो.

या सामानातही खुब्या असतात. चुन्याच्या भिंतीवर चिठ्ठी टिकत नाही, म्हणून ब्राउन पेपर. बॉलपेन दिलं की माणसं निबंध लिहायला बसतात. जाड मार्करनं चार शब्दांत चिठ्ठी भरते. गठ्ठ्यावरून ती खालून वर ओढली तर तिला बाक येतो आणि तासाभरात गळून पडते. बाजूनं सोलली की सपाट बसते. पंखा बंद. आणि पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच ॲप होतं.

"तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला. तो विचारला की लोक दुसऱ्या कुठल्या तरी ॲपमध्ये पाहिलेलं सांगतात. "काल काय झालं?" विचारलं की स्वतःचं सांगतात. इटलीच्या अल्बर्टो ब्रँडोलिनी यांनी 2013 च्या सुमारास रूढ केलेली 'इव्हेंट स्टॉर्मिंग' ही पद्धत याच वाटेनं जाते. नारिंगी चिठ्ठीवर घडून गेलेली गोष्ट लिहायची, तीही भूतकाळात. मग त्या चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे, घडल्या त्या क्रमानं लावायच्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत आम्ही असेच जमलो होतो. चेअरमन, सचिव, संकलनावरची दोन पोरं, आमचे दोन डेव्हलपर. दूध घालणारे तिघं तरी हवेतच, असा हट्ट मी धरला होता. दोन पुरुष आले आणि एक काकी. "मालक पाणी पाजायला गेल्यात, म्हणून मी आले," असं सांगून त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

अर्ध्या तासात भिंत नारिंगी झाली. दूध आलं. फॅट लागली. पावती निघाली. एसएमएस गेला. दहा दिवसांचं बिल झालं. पशुखाद्य कापलं.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, मराठीचा भूतकाळ मोठा सोयीचा आहे. दूध आपणहून येतं, फॅट आपणहून लागते, बिलही आपोआप होतं. एकाही चिठ्ठीवर माणूस नव्हता. या पद्धतीत त्यासाठी छोटी पिवळी चिठ्ठी असते. मी तिचा गठ्ठा घेतला आणि पहिल्या चिठ्ठीपासून एकच प्रश्न विचारत निघालो : कोणी?

"दूध कोणी आणलं?"

"उत्पादकानं," सचिव म्हणाले.

"म्हणजे?"

"रजिस्टरला ज्याचं नाव आहे, त्यानं."

मी दाराकडे वळलो. "काकी, आज सकाळी तुमच्याकडचं दूध?"

"मीच घातलं की. रोज मीच घालते."

"फॅट किती लागली?"

"म्हशीची सहा-आठ. काल सहा-नऊ होती. गाईची तीन-सहा." हातात कागद नव्हता.

"मग एसएमएस?"

"तो मालकांच्या फोनवर. त्यांना बघून काय करायचं? वैरण-पेंड मी घालते."

गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातल्या इतर घन पदार्थांच्या) भोवती ठरतो, म्हशीच्या 6 आणि 9 च्या. फॅटचा पॉइंट घसरला की पैसे घसरतात. तो का घसरला, हे ओळखून दावणीत बदल करणारी बाई समोर बसली होती, आणि पॉइंटचा आकडा रानात पाणी पाजणाऱ्या माणसाच्या खिशात वाजत होता. आमच्या आराखड्यात एका उत्पादकाला एक नाव आणि एक मोबाईल नंबर होता. शिवाय कागद वाचवायचा म्हणून छापील पावती बंद करायचं आदल्याच दिवशी ठरलं होतं.

"यात नवीन काय? सगळ्या गावाला ठाऊक आहे," चेअरमन म्हणाले. खरंच होतं. सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट कोणी सांगत नाही, आणि जे सांगितलं नाही ते ॲपमध्ये येत नाही. मी काही बोललो नाही. अशा वेळी गप्प बसता येणं हा या कामातला सर्वांत अवघड भाग. एक डेव्हलपर उठला, त्यानं पिवळ्या चिठ्ठीवर 'काकी' असं लिहिलं आणि ती 'दूध आलं'च्या शेजारी लावली.

ॲप झालं तेव्हा त्यात दोन नंबरांची सोय होती : बिलाचा वेगळा, फॅटचा वेगळा. पावती राहिली, आणि तिच्यावरचा फॅटचा आकडा मोठा झाला. पैसे मात्र पूर्वीसारखेच मालकांच्या खात्यावर जातात. वाक्यातला कर्ता पिवळ्या चिठ्ठीनं सापडतो. घरातला कर्ता कोण, हे ठरवणारी चिठ्ठी माझ्या गठ्ठ्यात नाही.