करंगळीएवढी धार

बेळगावकरांना पाण्याचे बोलणे नवे नाही. राकसकोप आणि हिडकल ही जलाशयांची नावे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. 2008 साली शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले. आमच्या गल्लीत मात्र ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळीच येते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातली धार करंगळीएवढी झाली. आईचा निकाल तयार होता. "शेजारी मोटर लावल्यात, आणि काय!" शेजारच्या अक्का घरात कानडी बोलतात, आईशी मराठी. आठ दिवस दोन्ही भाषा बंद पडल्या. कुंपणावरची आमटीची वाटीही थांबली.

मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. म्हटले, आधी पुरावा पाहू. पाणी आले त्या दिवशी मीटरजवळच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवली. मिनिटाच्या आत भरली. तीच बादली स्वयंपाकघरात भरायला चार मिनिटे लागली. शेजारची मोटर पाणी ओढत असती, तर मीटरपाशीही धार रोडावली असती. त्यातच लाइट गेली (असे उपकार कधी कधी होतात!). मोटर चालणे शक्यच नव्हते. धार मात्र तेवढीच. आणखी एक खूण होती. नळ उघडताच क्षणभर पाणी जोरात येई, मग मलूल होई. दाब होता, वाट नव्हती. नळ बंद असताना दाब हळूहळू शेवटपर्यंत पोचतो. पाणी वाहू लागले की अरुंद जागी तो खर्ची पडतो.

प्लंबरने भिंतीतला लोखंडी पाइप कापला. आत गंजाचे थर, मध्ये पेन्सिल जाईल एवढे भोक! पाइपाचा व्यास निम्मा झाला की त्याच दाबाने पाणी निम्मे येत नाही, जेमतेम सहावा हिस्सा येते. हे सूत्र परीक्षेपुरते पाठ होते; त्या दिवशी ते हातात धरून पाहिले.

आईने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. बोलली काहीच नाही. संध्याकाळी मात्र कुंपणापाशी गेली.

"अक्का, तुमचा पाइप केव्हाचा हो?"

"घर बांधल्यापासूनचा. का?"

"आमचा प्लंबर उद्या परत येणार आहे. तुमचाही दाखवून घ्या की."

अक्का आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. आमचीच होती, आठ दिवस तिकडे अडकलेली.