शाळा बघावी मधल्या सुट्टीत

स्वमग्न मुलाचे आईवडील भेटायला येतात तेव्हा फाइल आधी टेबलावर येते. स्वमग्नता मोजणाऱ्या आयएसएए चाचणीचे गुण, दिव्यांगत्वाचे टक्के, दिव्यांगांसाठीचं युडीआयडी ओळखपत्र. मग प्रश्न : "ताई, नॉर्मल शाळेत घालू की स्पेशल?"

फाइल मी नीट वाचते, पण शाळा तिच्यावरून ठरत नाही. टक्के सारखेच असले तरी एकाला कुकरची शिट्टी सोसत नाही, तर दुसरा नेहमीचा रस्ता बदलला की जमिनीवर लोळण घेतो. म्हणून मी विचारते, तहान लागली की काय करतो? हात धरून माठापाशी नेतो, चित्र दाखवतो, की नुसता रडतो? टीव्हीवरच्या जाहिराती घडाघडा म्हणणाऱ्या मुलालाही पाणी मागता येत नाही, असं पुष्कळदा दिसतं. 'बोलतो ना, मग चालेल' हा हिशेब तिथेच चुकतो.

मग शाळा बघायची, तीही मधल्या सुट्टीत. तासाला बाई समोर असतात, जागा ठरलेली असते. सुट्टीत घंटा ठणाणते, डब्यांचे वास एकमेकांत मिसळतात, नळापाशी ढकलाढकली होते. अशा वेळी मुलाजवळ कोण असतं? कान झाकून बसायला एखादा कोपरा आहे का? दिवसाचा क्रम चित्रांत लावायला बाई तयार आहेत का? मुलासोबत वर्गात बसणारी मदतनीस, म्हणजे शॅडो टीचर, सतत चिकटून राहिली, तर वर्गात बसूनही मूल बाईंचं होत नाही. तिने हळूहळू मागे सरकायचं असतं.

कायदाही माहीत असू द्या. १९९५ च्या दिव्यांगांसाठीच्या कायद्यात ऑटिझम (स्वमग्नता) नव्हता. २०१६ च्या कायद्यात तो आला. त्यानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, पसंतीची, मोफत मिळाली पाहिजे. पसंती मुलाची, शाळेची नव्हे. बालवाडीचं वय मात्र या तरतुदीबाहेर राहतं, आणि "आमच्याकडे नाही जमणार" हे पहिल्यांदा ऐकायला मिळतं ते तिथेच.

एकदा प्रवेश झाला की विषय संपला, असं समजू नका. दर सहा महिन्यांनी बाईंसोबत बसा, काय जमलं ते लिहून काढा. विशेष शाळेतून सर्वसाधारण शाळेत जाता येतं, तसंच उलटही. त्यात मूल नापास होत नाही. आणि शाळेने मुलाची परीक्षा घेण्याआधी तुम्ही शाळेची घ्या.