पेटी आणि बँडोनियन

आमचे बाबा गांधीबागेतील एका ठोक कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. दिवसभर ताग्यांचा आणि उधारीचा हिशेब लिहिणारे त्यांचे हात रात्री, रोझरी आटोपल्यावर, पेटीवर फिरत. रविवारच्या मिस्सेची गीते ते आम्हा भावंडांकडून बसवून घेत. गीत जसे शिकविले तसेच म्हणावे, हा त्यांचा दंडक होता.

आमचा थोरला भाऊ व्हायोलिन वाजवी. एका नाताळच्या सरावात त्याने परिचित गीतामध्ये यमनचे स्वर गुंफले आणि जॅझच्या ढंगाने लय वळविली. बाबांनी पेटीचा भाता मिटला. "देवाच्या घरी अशी खिचडी नको," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी सर्व विषयांवर बोलत. संगीतावर मात्र कधीच नाही. आम्ही बाकीचे गप्प राहिलो. बाबा गेले, तेव्हा व्हायोलिन कपाटातच होते.

परवा पुतणीने आम्हांला आस्टोर पियाझोला या अर्जेंटिनी संगीतकाराची 'आदिओस नोनिनो' ही रचना ऐकविली. टँगो हे मूळचे ब्यूनोस आयर्स परिसरातील वस्त्यांचे नृत्यसंगीत. पियाझोलांनी त्यात जॅझ आणि बाख यांना सामावून घेतले, तेव्हा जुन्या रसिकांनी 'हा टँगोच नव्हे' अशी ओरड केली. त्यांचे वाद्य बँडोनियन. आपल्या पेटीसारखेच भात्यावर चालणारे, एकोणिसाव्या शतकात जर्मनीत घडलेले. ऑर्गन न परवडणाऱ्या लहान चर्चमध्येही ते वाजत असे. आठ वर्षांच्या आस्टोरला हे वाद्य वडिलांनीच न्यूयॉर्कमधील गहाणवटीच्या दुकानातून आणून दिले होते. नातवंडे ज्यांना 'नोनिनो' म्हणत, ते हेच वडील. १९५९ साली ते वारले आणि परमुलखात असलेल्या मुलाने ही रचना लिहिली. आरंभी आवेशाची लय, आणि मग संथ, भरून आलेला सूर.

आपल्याकडेही असे घडले आहे. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभारून भारतीय राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकत्र आणले. त्यांनाही चर्चमधील संगीताचे संस्कार घरातूनच मिळाले होते.

रचना संपल्यावर आम्हांला उमगले, की बाबांनी दिलेलेच सूर भाऊ त्यांना परत देऊ पाहत होता. त्याला खिचडी म्हटले बाबांनी. परंतु आमचे मौनही त्यात सामील होते.

बाबांच्या स्मरणदिनी आम्ही भावाला हे बोलून दाखविले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने व्हायोलिन काढले, तारा जुळविल्या आणि पेटीचा षड्ज मागितला. भाता फाटला होता. तरी आम्ही तो तळहाताने दाबून धरला आणि सूर दिला.