पहिलं पान नसलेलं पुस्तक

शिरूरच्या एका रद्दीच्या दुकानात पुस्तकांचा गठ्ठा तराजूवर चढत होता. कुठल्याशा वाचनालयाने काढून टाकलेला. शिक्क्यांवर निळी रेघ मारलेली. कसर लागलेल्या कागदाचा वास आला आणि मी हात घालून एक पुस्तक ओढलंच. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही. उभ्याउभ्याच वाचू लागले. अमेरिकेचा राज्यकारभार, तिथली घरं, शाळा, बायकांच्या संस्थांवर तर पानंच्या पानं. गुलामगिरीविषयी लिहिताना लेखणी तापलेली. घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं: पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, १८८९ सालचं.

रमाबाई म्हणजे आमच्या लेखी केडगाव. दौंडहून पुण्याला जाताना तिथं गाडी थांबली की आजी खिडकीतून बोट दाखवायची, “तिथं बायकांनी छापखाना चालवला बरं.” मी उतरायचा हट्ट धरायचे. “पुढच्या खेपेला,” ती म्हणायची. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियात होत्या. पुढे जवळजवळ तीन वर्षं अमेरिका पाहिली आणि लिहिलं मराठीत, इथल्या माणसांसाठी. आम्ही काय केलं? त्यांचं धर्मांतर आणि त्यांच्या शारदा सदन या शाळेचा वाद पाठ केला, पुस्तक उघडलंच नाही. याचा मला मनापासून राग आहे.

पुढे केडगावात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला १९२४ साली. मला मात्र आजीचा छापखानाच दिसत राहतो. केडगावातल्या त्यांच्या मुक्ती सदन या आश्रमात मध्य प्रांतातल्या आणि गुजरातेतल्या दुष्काळांतून वाचवलेल्या कितीतरी मुली होत्या. मराठी ही अनेकींची मायबोली नव्हे. त्यांच्यापैकी कुणी मराठी खिळे जुळवायला शिकली असेल, तर पहिला शब्द कोणता जुळवला असेल? आजीला ते विचारायला हवं होतं, असं उगाच वाटतं. जणू तिला ठाऊक असतं.

शिरूर-दौंडकडच्या ग्रंथपालांना माझं एकच मागणं आहे. जुनी पुस्तकं रद्दीत घालण्याआधी गावातल्या वाचणाऱ्यांना एक दिवस बोलवा. आम्ही येऊ, आणि रद्दीवाल्यापेक्षा चार पैसे जास्तच देऊ.