मागची टाच

उत्थित त्रिकोणासनात माझी नजर आधी मागच्या टाचेकडे जाते. उजवीकडे वाकणाऱ्याचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे, बोटं जमिनीला टेकली की नाही याकडे. तेवढ्यात डाव्या पावलाची बाहेरची कड हळूच उचलली जाते, गुडघा सैलावतो, छाती जमिनीकडे वळते. मग मी लाकडी वीट पायाशी उभी करते. ‘हात हिच्यावर ठेवा. आधी टाच दाबा.’ ही वीट पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांची देणगी. आसन शरीरापर्यंत आणायची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

तमोगुण म्हटलं की आपल्याला आळस आणि झोपच आठवते. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमाची ती ओळख आहेच. पण पतंजली योगसूत्रांच्या साधनपादात दृश्याचं, म्हणजे अनुभवाला येणाऱ्या जगाचं, शील सांगतात ते प्रकाश, क्रिया आणि स्थिती असं. यातली स्थिती तमाची. दाबलेली टाच हे माझ्या लेखी तमाचंच काम. मांडीचे स्नायू वर खेचले जातात तो रज. आणि हे दोन्ही एकाच वेळी कळत राहणं, ते सत्त्व. म्हणूनच तमाला हाकलून द्यायची भाषा मला पटत नाही.

सकाळी जड अंगानं येणाऱ्यांना मी डोळे मिटू देत नाही. उभी आसनं, मग पाठीखाली लोड देऊन छाती उघडायची. नुसते धडाधड सूर्यनमस्कार घातले तर अंग तापतं, जाग येतेच असं नाही. संध्याकाळची बॅच थेट ऑफिसातून येते. जबडे आवळलेले, श्वास गळ्याशी. त्यांना आल्या आल्या शवासनात निजवलं तर पापण्या फडफडत राहतात. ती धाव आधी उभ्या आसनांत खर्ची पडू द्यावी लागते. नंतर अधोमुख वीरासनात कपाळ लोडावर टेकलं की मान सुटते, श्वास आपसूक लांबतो.

खरी पंचाईत सगळं जुळून येतं त्या दिवशी होते. पाय घट्ट, चेहरा शांत, श्वासाचा आवाजही नाही. अशा वेळी माणूस त्या सुखातच रेंगाळतो आणि उद्याही नेमकं तेच हवं म्हणतो. सत्त्वही बांधतं, ते असं. मी तिथे जास्त थांबू देत नाही. ‘वर या, बाजू बदला,’ म्हणते. डावी बाजू बहुतेकांची वेगळीच असते. उजवीकडे साधलेलं तिथे जसंच्या तसं चालत नाही.